पन्नाशीचं 'पोर'

परवा नाईट संपवून घरी आले, चहा टाकला आणि फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर नानांचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. नाना म्हणजे माझे चुलते, मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात असतात. विषय नेहमीचाच, माझ्या धाकट्या भावाचं लग्न. भाऊ आता छत्तीसचा झाला. नऊ एकर रान, त्यात तीन एकर डाळिंब, बोअरला पाणी, घर नवीन बांधलंय, पोरगा निर्व्यसनी, आणि सहा वर्षांत एकोणीस स्थळं बघून झाली तरी एक जमलं नाही. नाना म्हणत होते की हल्लीच्या पोरींची डोकी फिरलीत, पुण्यात एका खोलीत राहून पंधरा हजारांवर राबणारा चालतो पण बागायतदार चालत नाही, आईबाप पण पोरींच्याच तालावर नाचतात. आणि मग त्यांनी एक रील टाकली, ती पण आयर्लंडचीच. नवरी पांढऱ्या ड्रेसमध्ये ट्रॅक्टरवर बसून चर्चमधनं निघालीय, नवरा ट्रॅक्टर चालवतोय, मागं लोक टाळ्या वाजवतायत. खाली नानांनी लिहिलेलं, "बघा तिकडच्या पोरी. शेतकऱ्याशी प्रेमानं लग्न करतात, जमीन किती, पगार किती काही बघत नाहीत. माज फक्त आपल्याच पोरींना." आणि शेवटी, "विचारा आपल्या ताईला, ती तिथंच आहे."

विचारलंय तर सांगते. ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही म्हणून इथं लिहिते.

रील खोटी नाही. आमच्या इथनं एनिस गावाच्या बाहेर पडलं की उन्हाळ्यात असं एखादं तरी लग्न दिसतं, ट्रॅक्टर धुऊन पुसून रिबिनी लावून, वळणावर शेजाऱ्यांनी शेकोटी पेटवलेली. पण नाना, ती ट्रॅक्टरवर बसलेली मुलगी ज्या घरात चाललीय त्या घरात तिच्या आधी किती जणी आल्याच नाहीत हे त्या रीलमध्ये नाही. जमीन बघत नाहीत म्हणे! अहो, या क्लेअर काउंटीत, म्हणजे आमच्या इथल्या जिल्ह्यात, जमिनीशिवाय दुसरं काही बघून लग्नं होत नव्हती, आणि फार जुनं नाही सांगत, मी ज्या नर्सिंग होममध्ये काम करते तिथल्या आजी-आजोबांच्या आईबापांची लग्नं अशीच झालेली.

लिस्डूनवार्ना तुम्हाला माहीत असेल, निदान नाव तरी ऐकलं असेल, सप्टेंबरात तिथं महिनाभर लग्न जुळवायचा उत्सव असतो, त्याच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरात पण गमतीजमतीच्या पानावर येतात. हजारभर वस्तीचं गाव, हजारोंनी माणसं येतात, दुपारी बारापासून नाच सुरू. मी तीनदा गेलेय. आता ते पर्यटनाचं झालंय, अमेरिकन येतात, बस भरून पोरी येतात मजा करायला, २०१३ पासून समलिंगी लोकांसाठी वेगळा वीकेंड पण सुरू झाला. पण मुळात तो शेतकऱ्यांचा बाजार होता. तिथं गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत, पैसेवाले लोक तब्येतीसाठी यायचे, आणि गवत कापून रचून झालं, कापणी उरकली की शेतकरी पण यायला लागले, कारण हातात तेव्हाच चार दिवस आणि चार पैसे असायचे. १८८७ ला वेस्ट क्लेअर रेल्वे सुरू झाल्यावर तर एनिसटायमनपर्यंत गाडीनं यायचं आणि पुढं घोडागाडी. शेतकरी आले की मध्यस्थ आलेच. विली डेली म्हणून तिथले नावाजलेले मध्यस्थ आहेत, बाप-आजाचा हाच धंदा, त्यांच्याकडं सुतळीनं बांधलेली एक जुनी फाटकी वही आहे, तिच्यावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले की सहा महिन्यांत जमतं म्हणतात. मी बघितलं तेव्हा एक साठीचा माणूस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, बूट पॉलिश केलेले, त्या वहीवर हात ठेवून उभा होता आणि आजूबाजूला लोक फोटो काढत होते. त्याचे हात बघितले मी. आमच्या अण्णांचे, माझ्या वडिलांचे असतात तसे, नखात माती बसून गेलेली, ब्रशनं घासली तरी न निघणारी. मला तिथं थांबवेना.

तर जमीन. इथल्या आयरिश भाषेत सोयरिकीला 'क्लाउनस' म्हणतात, हुंड्याला 'स्प्रे', आणि याच शब्दाचा जुना अर्थ गुरंढोरं. इंग्रजी बोलणारे नुसतं 'फॉर्च्युन' म्हणतात, पोरीचं फॉर्च्युन किती, दोनशे पौंड की तीनशे. बैठक व्हायची ती ना पोराच्या घरी ना पोरीच्या, तालुक्याच्या गावात पबमध्ये, बाजाराच्या दिवशी. दोन बाप, दोन मध्यस्थ, मध्ये बाटली. पोरगा असला तर कोपऱ्यात, पोरगी बहुतेक वेळा नाहीच. आकड्यावर घासाघीस, एकजण उठून चालायला लागायचा, मध्यस्थ हात धरून परत बसवायचा, फरक अर्धा-अर्धा वाटून घ्या म्हणायचा. आपल्या याद्या होतात ना, अगदी तसंच, फक्त सुपारी नाही. आणि मग पोरीचा बाप रान बघायला यायचा, त्याला 'वॉकिंग द लँड' म्हणायचे. बांधाबांधानं फिरायचं, पाणी कुठं साठतं, गवत कसलं आहे, गोठ्यात गाया किती हे मोजायचं. आदल्या रात्री शेजाऱ्याच्या गाया आणून बांधून ठेवल्याचे किस्से इथं प्रत्येक म्हाताऱ्याकडं एक तरी आहे. आमच्या गावात पण सोयरे यायच्या दिवशी दावणीला दुसऱ्याची खिलार जोडी बांधलेली अशी गोष्ट सांगतात, कुणाच्या घरची ते मी लिहीत नाही, नानांना माहीत आहे.

म्हणजे 'बघणं' ही काही आजच्या पोरींनी काढलेली भानगड नाही. बघत आधी बाप होता, आता पोरगी स्वतः बघते, एवढाच फरक झालाय, आणि राग त्याचाच आहे.

१९३० च्या दशकात हार्वर्डहून कॉनरॅड आरेन्सबर्ग आणि सोलोन किंबॉल असे दोन अभ्यासक याच क्लेअरमध्ये येऊन राहिले होते, शेतकऱ्यांच्या घरात बसून सगळं टिपून घेतलं. त्यांनी लिहून ठेवलेल्या दोन-तीन गोष्टी मला विसरता येत नाहीत. एक म्हणजे लग्न ठरलं की वकिलाकडं जाऊन कागद करायचे. बाप त्या दिवशी जमीन पोराच्या नावावर करून द्यायचा, आणि त्याच कागदात म्हातारा-म्हातारीचं काय ते लिहायचं, घरातली पश्चिमेकडची खोली त्यांची, एका गाईचा चारा त्यांचा, बटाटे, जळण, रविवारी प्रार्थनेला जायला गाडीत जागा. लग्न म्हणजेच वाटणीचा कागद. सून उंबऱ्यात आली त्या दिवशी सासू चुलीवरनं उठून पश्चिमेच्या खोलीत गेली. हे नीट होतं, मला आवडतं ते, कुणाचं काय हे सगळ्यांना माहीत. पण म्हणूनच बाप सही करायला तयार व्हायचा नाही. सही केली की तो मालक राहत नव्हता. आणि तो सही करत नाही तोवर पोराचं लग्न नाही. म्हणून दुसरी गोष्ट, जमीन नावावर नाही तोवर तो 'बॉय', चाळिशी उलटू दे, पन्नाशी येऊ दे, गावात त्याला पोरगाच म्हणायचे. बाप बैल विकायचा, बाप पैसे ठेवायचा, आणि पंचेचाळीस वर्षांचा पोरगा बाजारच्या दिवशी बापापुढं हात पसरायचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसमध्ये होते, पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या नऊ एकराचा सात-बारा अण्णांच्या नावावर आहे. अण्णा त्र्याहत्तर वर्षांचे. भाऊ डाळिंबाला फवारणी करतो, छाटणी करतो, रात्री लाईट येते तेव्हा मोटर चालू करायला जातो, माल सोलापूरला त्याच्या नावानं जातो आणि पट्टीचे पैसे अण्णांच्या खात्यावर येतात. पेट्रोलला पैसे तो आईकडनं मागून घेतो, आई अण्णांकडनं. छत्तीस वर्षांचा माणूस.

तिसरी गोष्ट अजून वाईट. घटस्फोट तर इथं नव्हताच, १९३७ च्या राज्यघटनेनंच बंदी घातली होती, १९८६ ला सार्वमतात लोकांनी परत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा धर्माइतकीच जमीन फुटेल ही भीती होती, आणि १९९५ ला मंजूर झाला तो जेमतेम नऊ हजार मतांनी. पण त्या काळात सुनेला मूल झालं नाही तर तिला माहेरी परत पाठवायची उदाहरणं या दोघांनी नोंदवलीत, त्याला 'कंट्री डिव्होर्स' म्हणायचे. कायदा नाही, कोर्ट नाही, पोरगी परत. माहेरात तिचं फॉर्च्युन देऊन झालेलं, सासरी तिचं नाव कुठंच नाही. आता सांगा, कोण पोरगी स्वतःहून अशा घरात जाईल? आणि नाही गेली तर तिला माज आला म्हणायचं?

तर पोरी गेल्या नाहीत. भांडल्या नाहीत, मोर्चे काढले नाहीत, नुसत्या निघून गेल्या. मागचं कारण दुष्काळ, १८४५ ते १८५२ चा, बटाट्याला रोग पडला आणि दहा लाख माणसं मेली, दहा लाख देश सोडून गेली. त्याच्या आधी इथं पण आपल्यासारखंच होतं, चार पोरं तर चार तुकडे, विशीत लग्नं, खोपटं बांधायचं आणि बटाटे लावायचे. दुष्काळानंतर लोकांनी ठरवून टाकलं की जमीन फोडायची नाही. एक पोरगा जमिनीवर, एका पोरीला हुंडा, बाकीच्यांनी परदेशाची बोट पकडायची. येणाऱ्या सुनेच्या फॉर्च्युनमधनं नवऱ्याच्या बहिणीचं लग्न किंवा भावाचं अमेरिकेचं तिकीट. म्हणजे पैसा घरात आलाच नाही, एका दारानं आला आणि दुसऱ्या दारानं दुसऱ्या पोरीबरोबर गेला. बहिणी उजवल्याशिवाय पोराचं लग्न नाही. बाप सही करेना, बहीण उजवेना, वय चाललंय. १९२० च्या दशकात इथल्या पुरुषांचं लग्नाचं सरासरी वय पस्तिशीच्या आसपास गेलं होतं आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांत निदान चौथा हिस्सा बिनलग्नाचा. सगळ्या युरोपात असं दुसरीकडं कुठं नव्हतं.

आणि गावानं त्या बिनलग्नाच्यांना सुखानं जगू पण दिलं नाही. लेंटमध्ये म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत लग्नं बंद, आपल्या चातुर्मासासारखी, म्हणून उपास लागायच्या आदल्या मंगळवारी लग्नांची नुसती झुंबड. तो मंगळवार हुकला की पहिल्या रविवारी चर्चला जाताना पोरं पाठीमागनं येऊन बिनलग्नाच्यांच्या कोटावर खडूनं रेघ ओढायची, चॉक संडे म्हणायचे त्याला. वर कॉनॉट प्रांताकडं मीठ टाकायचे अंगावर, माणूस पुढच्या वर्षापर्यंत टिकावा म्हणून. आमच्या होममध्ये एक आजोबा आहेत, शहाऐंशी वर्षांचे, लग्न झालेलं नाही. त्यांना मी विचारलं खडूचं. ते म्हणले माझ्या लहानपणी मी पण ओढल्यात रेघा, मग जरा वेळानं म्हणले, नंतर ती पद्धत बंद झाली ते एक बरं झालं.

या आजोबांचं सांगते. बरेन म्हणून इथला खडकाळ पट्टा आहे, त्याच्या कडेला चाळीस एकर, निम्मा दगड. तरुणपणी सायकलनं डान्स हॉलला जायचे, तेव्हा बायका एका भिंतीला, पुरुष समोरच्या भिंतीला. एक मुलगी होती. दोन वर्षं भेटत होते. तिच्या घरच्यांनी विचारलं जमीन नावावर करून देणार का, यांचे वडील म्हणले घाई काय आहे. ती कोव्हेंट्रीला नर्सिंग शिकायला गेली. वडील गेले तेव्हा हे सत्तेचाळीसचे आणि आई अजून घरात, आई गेली तेव्हा एकोणसाठचे. चार बहिणी, दोन बॉस्टनला, एक बर्मिंगहॅमला, एक वारली. मी त्यांना औषध द्यायला गेले की रोज एकच विचारतात, तुझ्या वडिलांच्या गाया कशा आहेत. गाया नाहीत, दोन म्हशी आहेत असं मी पहिल्यांदा सांगितलं, म्हशीचा फोटो दाखवला, तेव्हापासून ते म्हशींचं पण विचारतात, दूध किती देते, व्याली का.

५० च्या दशकात या एवढ्याशा देशातनं चार लाखांवर माणसं गेली. त्यात शेतकऱ्यांच्या पोरी किती होत्या, आणि एकट्या गेल्या, नवऱ्यामागं नाही गेल्या, इंग्लंडच्या हॉस्पिटलांतनं नर्स झाल्या. त्या गेल्या म्हणून भाऊ एकटे म्हातारे झाले, आणि त्या भावांना आंघोळ घालायला, त्यांच्या पायाच्या जखमा बांधायला सोलापूर जिल्ह्यातनं मी आलेय. माझ्याबरोबर केरळच्या सहा जणी आहेत, फिलिपिन्सच्या तीन. नाईटला दोन वाजता सगळं शांत असतं तेव्हा हे डोक्यात येतं आणि मग जात नाही, की माझ्या गावात आत्ता जी छत्तीस-अडतीसची पोरं शेतावर एकटी आहेत, त्यांच्या पायाच्या जखमा कोण बांधणार आहे.

नानांच्या मेसेजला ग्रुपवर बाराजणांनी अंगठे दिले. मी फक्त एवढंच लिहिलं, "नाना, इथं पण असंच झालं होतं, चूक पोरींची नव्हती." तर चुलतभावानं लगेच लिहिलं, "ताई, तू तिकडं युरोत पगार घेऊन आम्हाला शिकवू नको." राग आला मला. खरं सांगते, खूप राग आला. मनात आलं, शिकवते, का नको शिकवू? इथं निदान चुकीवरनं शिकले लोक. १९६५ ला वारसा कायदा आला, त्याच्या आधी शेतकऱ्यानं मृत्युपत्रात बायकोला काहीच ठेवलं नाही तरी चालायचं, या कायद्यानं पोरं असतील तर बायकोला तिसरा हिस्सा, नसतील तर निम्मा, नवऱ्यानं काहीही लिहून ठेवलं तरी. १९७६ ला असं झालं की राहतं घर बायकोच्या संमतीशिवाय विकता येत नाही. पस्तिशीच्या आतल्या शिकलेल्या पोराच्या नावावर जमीन करून दिली तर स्टॅम्प ड्युटी माफ, हे मुद्दाम केलं, म्हाताऱ्यांनी सही लवकर करावी म्हणून. आपल्याकडं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली होती, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगत फिरले, पुढं सरकारनं पण सात-बाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय केली. आमच्या गावात किती जणांनी लावलं? मी मोजले आहेत, मला आठवतात तेवढी घरं धरून दोन. आणि २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर गेली, आम्हाला नवरी द्या म्हणून, सगळ्या देशानं व्हिडिओ बघून हसून घेतलं. त्यांनी गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा अशी पण मागणी केली होती, ती कुणी ऐकली नाही. मला नाही हसू आलं. मी त्या गर्दीत भाऊ शोधत होते.

पण चुलतभावाचं पण एक खरं आहे आणि ते मी लपवत नाही. इथं सगळं छान झालंय असं नाही. २०२० च्या मोजणीत १ लाख ३५ हजार शेतं, त्यातल्या तिसऱ्या हिश्शाचे मालक पासष्टीच्या पुढचे, पस्तिशीच्या आतले शंभरात सात, आणि बाया शंभरात तेरा-चौदा. सही करायला इथला म्हातारा अजूनही तयार नाही. नॉकच्या देवस्थानात १९६८ ला एका फादरनं लग्न जुळवायचं ऑफिस काढलं होतं, नऊशेच्या वर लग्नं लावली त्यांनी, मुख्यतः याच एकट्या शेतकऱ्यांसाठी, ते २०१९ ला बंद झालं, आता सगळे ॲपवर. मी वर जे कायदे सांगितले ते मला सोयीचे होते म्हणून सांगितले. लग्न झालं की सरकारी नोकरी सोडायची हा नियम इथं १९७३ पर्यंत होता हे नाही सांगितलं, आणि त्या काळात माझी आत्या पंढरपूरला शाळेत शिकवत होती, दोन पोरं घेऊन, हे पण नाही सांगितलं.

आणि अजून एक नाही सांगितलं. मी स्वतः शेतकरी नवरा नको म्हणलं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिलं स्थळ सांगोल्याकडचं, चौदा एकर, मुलगा बीएस्सी ॲग्री. वाईट काहीच नव्हतं त्याच्यात. पोहे झाले आणि त्याच्या आईनं माझ्या हाताकडं बघत विचारलं, नोकरी करणार का लग्नानंतर, आणि मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणले तुम्ही म्हणाल तसं. तेवढ्यावर मी रात्री आईला नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या तर घरी पण नाही गेले बघायला. मग पुण्याचा नोकरीवाला बघितला, तो माझा नवरा, त्याला आमच्या लग्नाच्या वेळी पगार होता सतरा हजार आणि राहायला खरंच एक खोली. नाना म्हणतात ती पोरगी मीच आहे. माझ्या भावाला नाही म्हणणाऱ्या एकोणीस जणींत आणि माझ्यात मला काही फरक सापडत नाही, आणि त्यांच्यावर राग पण काढता येत नाही, आणि भावाचा आवाज फोनवर ऐकला की काढावासा पण वाटतो.

माझ्या लग्नाला अण्णांनी सोसायटीचं कर्ज काढलं, वर खाजगी घेतलं. बस्ता, मानपान, अकरा तोळे. फेडायला सात वर्षं लागली, मध्ये दोन वर्षं पाऊस नाही, डाळिंबाला तेल्या आला. भावाचं लग्नाचं बघायचं वय त्यातच गेलं. ताईचं फिटू दे मग बघू, असं तोच म्हणायचा. फॉर्च्युन एका दारानं येतं आणि दुसऱ्या दारानं बहिणीबरोबर जातं हे मी इथं येऊन शिकले आणि शिकताना कळलं की ते दार माझं होतं. नंतर मी पैसे पाठवले, अजून पाठवते, घर त्यावरच बांधलं. पण वर्षं पाठवता येत नाहीत ना.

मागच्या वर्षी भावानं मला एकदा सांगितलं, फोनवर, कुणाला सांगू नको म्हणून, आता सांगतेय. अकलूजकडची एक मुलगी होती, फार्मसी झालेली. दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं तर तिनं सरळ विचारलं, शेती तुमच्या नावावर आहे का, निर्णय कोण घेतं, मी मेडिकल टाकलं तर जागा कुणाच्या नावावर. भाऊ म्हणला, ताई, मला आवडली ती, पण मला उत्तरच देता आलं नाही. बाहेर आल्यावर तिच्याकडनं नकार. घरात सगळ्यांनी तिला आगाऊ ठरवलं, नाना अजून तिचं उदाहरण देतात, की बघा पोरी कशा झाल्यात, पहिल्या भेटीत सात-बारा विचारते. अहो नाना, शंभर वर्षांपूर्वी या क्लेअरमध्ये तिच्या बापानं हेच विचारलं असतं, बाटली पुढ्यात ठेवून, आणि तुम्ही त्याला व्यवहारी माणूस म्हणला असता.

रविवारी सुट्टी होती. बाहेर पाऊस, नवरा पोरीला घेऊन हर्लिंगच्या मॅचला गेलेला. अण्णांना फोन लावला. पावसाचं झालं, म्हशीचं झालं, बेदाण्याचा भाव झाला. मग मी म्हणलं, अण्णा, रान भावाच्या नावावर करून टाका ना आता, निम्मं तरी, आणि लग्न ठरलं की त्याच कागदात सुनेचं नाव लावू असं मध्यस्थाला आधीच सांगून ठेवा, बघा फरक पडतो का. हे बोलायला मी आठवडाभर तयारी केली होती, शब्द सुद्धा ठरवले होते. इथल्या पश्चिमेच्या खोलीचं पण सांगणार होते, की तुमचं आणि आईचं काय ते सगळं लिहून ठेवता येतं, कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागं कोंबडा आरवला, मग मोटारसायकल गेली. मग हळू आवाजात म्हणले, "तुझा हिस्सा पाहिजे का तुला?"

मी नाही म्हणलं. लगेच म्हणलं, जरा जोरातच. मग आईनं फोन घेतला आणि विचारलं तिकडं थंडी पडली का.